डोळ्यांची खाज आणि औषधाचे थेंब

मनुष्यास ज्या अनेक व्याधि होतात, त्यांपैकीं कांहींची त्याला मोठी भीति वाटते, आणि कांहींची मुळींच फिकीर वाटत नाहीं. ताप आला कीं घरांतील सर्व मंडळी जागी होतात. परंतु मुलाचे डोळे खाजूं लागले, तर "धूळ गेली असेल, पाणी मार म्हणजे थांबेल," एवढ्यावर तो विषय संपतो. खाज ही बहुधा क्षुल्लकच असते, यांत संशय नाहीं. परंतु ती थांबविण्यासाठीं आपण जें करितों, तें नेहमींच क्षुल्लक असतें असें नाहीं. ह्या लेखांत अशा खाजेचें कारण काय, तिच्यावर जे हिस्टामीनविरोधी थेंब मिळतात ते डोळ्यांत जाऊन काय करितात, आणि ते निर्धोकपणें कसे वापरावे, ह्यांचा विचार करावयाचा आहे. लेखाचें सार आरंभींच सांगतों, म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल: अ‍ॅलर्जीच्या साध्या खाजेनें सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं, दृष्टीला खरा धोका पोंचतो तो डोळे चोळण्यानें आणि न विचारतां घातलेल्या भलत्याच औषधानें.

खाज कां सुटते?

आपल्या शरीरांत रोगजंतूंपासून आपलें रक्षण करणारी एक यंत्रणा ईश्वरानें ठेविली आहे. परका पदार्थ आंत शिरला कीं ती त्याला ओळखिते व त्याच्याशीं झगडते. कांहीं माणसांच्या बाबतींत मात्र ही यंत्रणा निरुपद्रवी वस्तूंनाही शत्रु समजते. गवताचे व झाडांचे परागकण, गाद्या-उशांच्या धुळींत राहणारे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कीटक, पावसाळ्यांत भिंतीवर धरणारी बुरशी, मांजर-कुत्र्यांच्या अंगावरील कोंडा, ह्यांपैकीं कांहींएक डोळ्यांत गेलें कीं तिला वाटतें, शत्रूचा हल्ला झाला. खळ्यावरील राखणदारानें चिमणीला दरोडेखोर समजून सारा गांव जागा करावा, तसाच हा प्रकार होय. मँचेस्टर येथील चार्ल्स ब्लॅक्ली नांवाच्या वैद्यानें इ. स. १८७३ मध्यें स्वतःवरच प्रयोग करून गवताचे पराग हें अशा विकाराचें कारण असल्याचें दाखवून दिलें. आणि व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यानें इ. स. १९०६ मध्यें शरीराच्या ह्या विपरीत वागणुकीला 'अ‍ॅलर्जी' हें नांव दिलें.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर व पापण्यांच्या आंतल्या बाजूस एक पातळ, ओलसर त्वचा असते. तिच्यांत 'मास्ट' नांवाच्या पेशी पसरलेल्या असतात. पॉल एर्लिक ह्या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १८७८ मध्यें त्यांना हें नांव दिलें. प्रत्येक पेशींत बारीक दाण्यांचा सांठा असतो व त्या दाण्यांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य भरलेलें असतें. पराग येऊन भिडला कीं पेशी तो सांठा बाहेर टाकिते. मग हिस्टामीन मज्जातंतूंना डिवचतें, त्यामुळें खाज सुटते. तें रक्तवाहिन्या फुगवितें, त्यामुळें डोळा लाल होतो. आणि त्यांतून पाणी झिरपूं देतें, त्यामुळें पापण्या सुजतात. खाज, लाली, सूज व पाणी हीं चारही लक्षणें अशा रीतीनें एकाच मुळांतून निघतात.

आपल्याकडे ह्या विकाराचे हंगाम ठरलेले असतात. कित्येकांना तो उन्हाळ्याच्या तोंडीं होतो, तर कित्येकांना पावसाळा संपतांना, जेव्हां माळावर व रस्त्याच्या कडेला गाजर गवत फुलतें. हें गवत मूळचें अमेरिका खंडांतील, इ. स. १९५५-५६ च्या सुमारास पुणें येथें त्याची नोंद झाली व पुढें तें देशभर पसरलें. कोंकणासारख्या दमट मुलखांत धुळींतील कीटक व बुरशी ह्यांचा त्रास बारमाही असतो. ह्याखेरीज उष्ण व कोरड्या हवेच्या प्रदेशांत लहान मुलांना, विशेषतः मुलग्यांना, अ‍ॅलर्जीचा एक तीव्र प्रकार होतो. त्यांत वरच्या पापणीच्या आंत खडे पसरल्यासारखे उंचवटे येतात, डोळ्यांतून दोऱ्यासारखा चिकट पदार्थ निघतो, व उजेड सहन होत नाहीं. वयांत आल्यावर हा प्रकार बहुधा आपोआप शमतो. परंतु तोंपर्यंत त्याला नेत्रवैद्याचीच देखरेख पाहिजे.

साथ कीं अ‍ॅलर्जी?

इ. स. २०२३ च्या पावसाळ्यांत महाराष्ट्रांत डोळे येण्याची मोठी साथ पसरली होती, ती पुष्कळांना आठवत असेल. तेव्हांपासून वर्गांत कोणाचे डोळे लाल दिसले कीं शेजारचीं मुलें दूर सरकतात. म्हणून दोहोंतील भेद सर्वांनीं ध्यानांत ठेवावा. अ‍ॅलर्जींत बहुधा दोन्ही डोळ्यांना एकदम त्रास होतो. खाज हें मुख्य लक्षण असतें. पाणी स्वच्छ असतें. पुष्कळदां शिंकाही येतात, नाकही वाहतें. आणि दर वर्षीं त्याच सुमारास हा त्रास परत येतो. अशा मुलाच्या घरांत दमा किंवा इसब असलेलें कोणी तरी पुष्कळदां आढळतें. उलट, साथीच्या विकारांत आरंभ बहुधा एका डोळ्यापासून होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखें खुपतें, सकाळीं पापण्या चिकटलेल्या असतात, आणि घरांतील एकामागून एक माणूस आजारी पडतें. अ‍ॅलर्जी संसर्गजन्य नाहीं. त्या मुलाच्या शेजारीं बसल्यानें कोणाचेही डोळे बिघडणार नाहींत. तेव्हां त्याला बांकावरून उठवून लावणें हा शुद्ध अन्याय होय. मात्र दोहोंचा भेद घरीं निश्चित करतां आला नाहीं, तर डॉक्टरांस दाखवावें. तोंपर्यंत टॉवेल व उशी वेगळी ठेवावी.

चोळण्याचें सुख आणि त्याची किंमत

खाजणारा डोळा चोळतांना क्षणभर मोठें बरें वाटतें. परंतु चोळल्यानें मास्ट पेशींवर दाब पडून त्यांतून आणखी हिस्टामीन बाहेर येतें, व थोड्याच वेळानें खाज दुपटीनें सुटते. शिवाय बोटांवरील धूळ व जंतु डोळ्यांत जातात ते वेगळेच. ह्याहून गंभीर गोष्ट अशी: डोळ्याच्या समोर जो पारदर्शक पडदा आहे, ज्याला पारपटल म्हणतात, तो मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटरच जाड असतो. वर्षानुवर्षें मुठीनें डोळे चोळणाऱ्या मुलांत तो पातळ होऊन शंकूसारखा पुढें येण्याचा संभव असतो. मग चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो आणि कितीही चांगला चष्मा दिला तरी अक्षरें पसरटच दिसतात. असा विकार वेळींच ओळखल्यास वाढ थांबविण्याचे उपाय हल्लीं आहेत; परंतु बिघडलेला पडदा पूर्ववत् करणें कठीण. म्हणून ज्या मुलाचा नंबर सारखा बदलतो व जें मूल सारखे डोळे चोळतें, त्याचें पारपटल एकदां मुद्दाम तपासून घ्यावें.

खाज सुटली तर प्रथम काय करावें? स्वच्छ रुमाल थंड पाण्यांत भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पांच-दहा मिनिटें ठेवावा. खेळून आल्यावर हातपाय धुतों तसाच चेहरा व पापण्याही पाण्यानें धुवाव्या, म्हणजे पराग निघून जातात. उशीचे अभ्रे दर आठवड्यास ऊन पाण्यानें धुवावे. केर काढतांना ओल्या फडक्यानें पुसून घ्यावें, व त्या वेळीं मुलाला दुसऱ्या खोलींत बसवावें. बाहेर जातांना साधा चष्मा घातला तरी वाऱ्याबरोबर येणारी पुष्कळ धूळ अडते. मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, तूप, दूध, सुरमा असले पदार्थ मात्र डोळ्यांत कधींही घालूं नयेत. हे पदार्थ जंतुरहित नसतात, आणि कित्येक सुरम्यांत शिसें असतें. आजीबाईंच्या बटव्याविषयीं आपणां सर्वांना आदर आहे. परंतु डोळा ही त्या बटव्यांतील औषधांची जागा नव्हे.

हिस्टामीनविरोधी थेंब काय करितात?

एवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे थेंबांचा विचार करावयाचा. हिस्टामीनला अडविणारें पहिलें द्रव्य दान्येल बोव्हे ह्या शास्त्रज्ञानें आपल्या सहकाऱ्यासह पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत इ. स. १९३७ मध्यें शोधून काढलें, व इ. स. १९५७ मध्यें बोव्हे ह्यास नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या औषधांची युक्ति अशी आहे. हिस्टामीन ही किल्ली समजा, व मज्जातंतूंवर आणि रक्तवाहिन्यांवर तिचीं कुलुपें आहेत असें समजा. औषध अगोदर जाऊन कुलुपाच्या भोंकांत बसतें; मग किल्ली आली तरी ती आंत शिरत नाहीं. ओलोपॅटाडीन, केटोटिफेन, अझेलास्टीन हीं हल्लींचीं औषधें ह्याखेरीज दुसरेंही एक काम करितात: मास्ट पेशींना आपला सांठा सहजासहजीं बाहेर टाकूं देत नाहींत. म्हणूनच हंगामांत हे थेंब डॉक्टरांनीं सांगितलेल्या दिवसांपर्यंत नियमानें घातल्यास, खाज असह्य झाल्यावर मधूनच घालण्यापेक्षां अधिक गुण येतो.

थेंब किती वेळां घालावे हें औषधाच्या नांवावरून नव्हे, तर त्याच्या प्रमाणावरून ठरतें. ओलोपॅटाडीनचे ०.१ टक्का थेंब सामान्यतः दिवसांतून दोन वेळां, सहा ते आठ तासांच्या अंतरानें घालतात. तेंच औषध ०.२ टक्के असेल तर दिवसांतून एकदांच. केटोटिफेनचे ०.०२५ टक्का थेंब दोन वेळां, आठ ते बारा तासांच्या अंतरानें. बाटलीवर हा आंकडा छापलेला असतो. डॉक्टरांची चिठ्ठी व बाटलीवरील आंकडा ताडून पाहण्याचें काम इंग्रजी वाचतां येणाऱ्या मुलामुलींनीं आपल्या घरीं अवश्य करावें. शिक्षणाचा ह्याहून चांगला उपयोग तो कोणता? घातल्यावर किंचित् झोंबणें, किंवा थोड्या वेळानें घशांत कडू चव लागणें, ह्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. पापण्या सुजल्या, लाली वाढली किंवा श्वास लागला तर मात्र औषध बंद करून ताबडतोब डॉक्टरांस गांठावें. तीन वर्षांखालील मुलांना व गरोदर स्त्रियांना हे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून देऊं नयेत. आणि इतरांनींही निदान पहिल्या वेळीं डोळे दाखवूनच ते घ्यावे.

सारख्या दिसणाऱ्या बाटल्या

औषधांच्या दुकानांत डोळ्यांच्या बाटल्या एकमेकींसारख्याच दिसतात. परंतु त्यांच्या पोटांत फार भिन्न औषधें असतात.

एक प्रकार डोळे पांढरे करणाऱ्या थेंबांचा. त्यांत नॅफॅझोलीनसारखें रक्तवाहिन्या आकसविणारें द्रव्य असतें, व पुष्कळदां त्याच्या जोडीला एखादें हिस्टामीनविरोधी औषधही असतें. लाली लगेच जाते, त्यामुळें गुण आला असें वाटतें. परंतु ते सतत वापरल्यास औषधाचा अंमल उतरतांच लाली पूर्वीपेक्षां अधिक येते, व थेंब सोडवत नाहींत. शिवाय हें औषध लहान मुलाच्या पोटांत गेल्यास प्राणावर बेतूं शकतें. अमेरिकेच्या औषध नियामक खात्यानें इ. स. २०१२ मध्यें असा स्पष्ट इशारा दिला आहे, आणि त्याला एक-दोन मिलिलीटर इतकें अल्प औषधही पुरतें. तेव्हां डोळ्यांची कोणतीही बाटली लहानग्यांच्या हाताला लागेल अशी ठेवूं नये.

दुसरा प्रकार जंतुनाशक थेंबांचा. ते जंतूंवर चालतात. परागांच्या खाजेवर त्यांचा कांहीं उपयोग नाहीं.

तिसरा प्रकार स्टेरॉइडचा, आणि ह्या लेखांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती हीच. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनोल हीं ह्या वर्गांतील कांहीं नांवें. कित्येकदां जंतुनाशकाशीं मिसळून हीं एकाच बाटलींत दिलेलीं असतात. ह्या थेंबांनीं खाज व लाली इतकी झटपट जाते कीं मुलाला व आईबापांना ती जादूच वाटते. समजा, एका मुलाला डॉक्टरांनीं तीव्र अ‍ॅलर्जीसाठीं असे थेंब आठ दिवस दिले. मुलगा बरा झाला. पुढच्या हंगामांत पुन्हां खाज सुटली, तेव्हां वडिलांनीं जुनीच चिठ्ठी दाखवून तीच बाटली आणिली. त्याच्या पुढच्या वेळीं चिठ्ठीही लागली नाहीं. आणि मावशीच्या मुलाचे डोळे खाजतात म्हणून एक बाटली तिकडेही गेली. ह्यांत कोणाचाही हेतु वाईट नव्हता. परंतु दीर्घकाळ घातलेल्या स्टेरॉइडमुळें डोळ्यांतील द्रव बाहेर जाण्याची वाट अडते, आंतला दाब वाढतो, व दृष्टीचा मुख्य मज्जातंतु हळूहळू सुकत जातो. ह्यालाच काचबिंदु म्हणतात. ह्यांत बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं; प्रथम बाजूचें दिसेनासें होतें, आणि समोरचें दिसत असल्यामुळें मुलाला कांहींच कळत नाहीं. अशा रीतीनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. कित्येकांना कोंवळ्या वयांतच मोतीबिंदु होतो. तो शस्त्रक्रियेनें काढतां तरी येतो, काचबिंदूनें झालेली हानि भरून काढतां येत नाहीं.

ह्याचा अर्थ स्टेरॉइड हें विष आहे असा नव्हे. योग्य रोग्याला, मोजक्या दिवसांपुरतें, डोळ्याचा दाब तपासून दिलें असतां तें मोठें उपकारक औषध आहे. आणि म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तें विकूं नये असा आपल्याकडे नियम आहे. नियम दुकानदारानें पाळावा हें खरें. परंतु तो आपणही पाळला पाहिजे, कारण डोळे आपले आहेत. डॉक्टरांनीं कोणतेही थेंब लिहून दिले कीं तीन प्रश्न नम्रपणें विचारावे: ह्यांत स्टेरॉइड आहे काय? किती दिवस घालावयाचें? पुन्हां केव्हां दाखवावयाचें? चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाहीं. मात्र जे थेंब चालूं आहेत त्यांत स्टेरॉइड असल्याचें आढळलें तर घाबरून आपल्याच मनानें ते एकाएकीं बंद करूं नयेत. लवकरच डॉक्टरांकडे जाऊन विचारावें.

थेंब घालण्याची रीत

औषध योग्य असलें तरी घालण्याची रीत चुकली तर अर्धें औषध गालावरून ओघळून जातें. म्हणून ही रीत पाठ करावी.

प्रथम साबणानें हात धुवून कोरडे करावे. बाटलीवरील नांव उजेडांत वाचावें. कानाच्या थेंबांची किंवा चिकटविण्याच्या द्रव्याची कुपी घाईंत डोळ्यांत रिकामी झाल्याचे प्रकार घडतात. मान मागें करावी, खालची पापणी बोटानें हळूच खालीं ओढून खिसा करावा, नजर वर ठेवावी, आणि बाटलीचें टोंक पापणीला वा बुबुळाला न लावितां एकच थेंब त्या खिशांत सोडावा. मग डोळे सावकाश मिटावे, घट्ट आवळूं नयेत, व नाकाजवळचा कोपरा बोटानें एक-दोन मिनिटें हलकेच दाबून धरावा. अश्रु नाकांत उतरण्याची वाट तेथेंच आहे. ती बंद केली म्हणजे औषध डोळ्यांत राहतें, व घशांत कडू लागत नाहीं. चुळबुळ करणाऱ्या लहान मुलाला उताणें निजवावें, डोळे मिटून घेण्यास सांगावें, आंतल्या कोपऱ्यावर थेंब टाकावा, व मग "आतां डोळे उघड, बाळ," असें म्हणावें. थेंब आपोआप आंत जातो.

एका थेंबानें काय होणार, असें पुष्कळांस वाटतें. परंतु एक मिलिलीटर म्हणजे सुमारें वीस थेंब. म्हणजे एका थेंबांत सुमारें पन्नास मायक्रोलीटर औषध असतें, आणि डोळ्यांत तीस मायक्रोलीटरांहून अधिक द्रव मावत नाहीं. एकच थेंब सांडतो, तर दुसऱ्याला जागा कोठून असणार? दोन निरनिराळीं औषधें असतील तर मध्यें निदान पांच मिनिटें जाऊं द्यावीं. डोळ्यांत बसविण्याच्या कांचा, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्स, वापरणाऱ्यांनीं त्या अगोदर काढाव्या, आणि थेंब घातल्यावर दहा-पंधरा मिनिटांनीं परत घालाव्या. डोळे लाल असतांना तर घालूंच नयेत.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी, व बहुतेक बाटल्या महिन्याभरानंतर, औषध उरलें असलें तरी, टाकून द्याव्या. एकाची बाटली दुसऱ्यानें वापरूं नये, मग ते सख्खे भाऊ कां असेनात. इ. स. २०२३ मध्यें अमेरिकेंत जंतूंनीं दूषित झालेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांमुळें कित्येकांची दृष्टि गेली व कांहीं रोगी दगावले. कारखान्यांतील दोष आपल्या हातांत नाहीं. आपल्या घरांतील बाटलीचें टोंक स्वच्छ ठेवणें मात्र सर्वस्वीं आपल्या हातांत आहे.

केव्हां थांबूं नये?

पुढील लक्षणें दिसल्यास घरगुती उपायांत एक दिवसही घालवूं नये: डोळा खाजण्याऐवजीं दुखणें, नजर अंधुक होणें, उजेड मुळींच सहन न होणें, पिंवळा पू येणें, एकच डोळा लाल होणें, डोळ्यास मार लागलेला असणें, किंवा चुना, फटाका, रंग ह्यांपैकीं कांहीं उडालेलें असणें. चुना किंवा रंग गेला असेल तर प्रथम भरपूर स्वच्छ पाण्यानें डोळा निदान पंधरा-वीस मिनिटें सतत धुवावा आणि मग धांवत दवाखाना गांठावा. तीन-चार दिवस नियमानें थेंब घालूनही खाज कमी झाली नाहीं, तरीही दाखवावें. औषध वाढवीत बसूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेच्या दिवसांत डोळे खाजतात तेव्हां मन किती त्रासून जातें हें खाज सुटणाऱ्यालाच ठाऊक. अशा वेळीं मूठ डोळ्यांकडे जाईल, तर ती थांबवा व ओला रुमाल घ्या. शेजारचा मित्र डोळे चोळीत असेल तर त्याला हंसूं नका. त्याचा हात हळूच धरा. आणि पालकांस एवढीच विनंती कीं, आज संध्याकाळीं घरांतील औषधांचा डबा एकदां उघडून पाहावा. तारीख उलटलेल्या, नांव पुसलेल्या, कोणासाठीं आणिल्या हें न आठवणाऱ्या बाटल्या बाहेर काढाव्या. ज्यांवर वर सांगितलेल्यांपैकीं एखादें स्टेरॉइडचें नांव दिसेल, त्या पुढच्या भेटींत डॉक्टरांस दाखवाव्या. दृष्टि ही ईश्वरानें आपल्या स्वाधीन केलेली ठेव आहे. ती सांभाळण्यास मोठ्या विद्येची आवश्यकता नाहीं. थोडी सबुरी, स्वच्छ हात आणि बाटलीवरचें नांव वाचण्याची संवय एवढें पुरें.